मुलांचा टायफॉईड आणि लागू न पडणारी अँटिबायोटिक्स: आमचे नेरूळचे बावीस दिवस

सोनचाफा | ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

गेले बावीस दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आज पोरगं पोटभर वरणभात जेवून झोपलंय, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर समजून घ्या.

मुलगा साडेसात वर्षांचा. जुलैच्या मधल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचं अंग कोमट लागलं. दुसऱ्या दिवशी १०१ ताप, पोटात दुखतंय म्हणाला, जेवणावरची वासना गेली. रविवार होता, नेहमीचे डॉक्टर बंद. फ्रिजच्या दारात गेल्या वर्षीच्या जुलाबाच्या वेळचं सिरप होतं, ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोलचं. तळाशी थोडंसंच उरलेलं, म्हणून नवऱ्याने त्याचा फोटो दाखवून मेडिकलमधून नवी बाटली आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन दिवस दिलं. पॅरासिटामॉलचा अंमल असेपर्यंत ताप उतरायचा, मग पुन्हा चढायचा.

मंगळवारी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विडाल ही टायफॉईडची रक्तचाचणी करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह आली. "टायफॉईड आहे, सेफिक्झिम सुरू करू." ऑफ्लोक्सासिन दिल्याचं आम्ही त्यांना सांगितलंच नाही. लपवलं नाही, डोक्यातच आलं नाही. आमच्या लेखी ते अँटिबायोटिक नव्हतं, "पोटाचं सिरप" होतं. पाच दिवस सेफिक्झिम झालं तरी संध्याकाळचा ताप १०३ च्या खाली येईना. जीभ मधे पांढरी, कडेने लाल. माझी सासू म्हणाली, हा मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय जायचा नाही. मला ते ऐकवेना.

नवव्या दिवशी वाशीच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न: "आतापर्यंत कोणकोणती औषधं पोटात गेलीत? बाटल्या आणा." दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "औषध सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर नाही केलं?" मला तोवर तो शब्दही नीट माहीत नव्हता. रक्त खास बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का, हे बघायची ती चाचणी.

अ‍ॅडमिट केलं. आधी रक्त घेतलं, मगच शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. दोन दिवसांनी लॅबचा निरोप: अजून वाढ नाही. बाई म्हणाल्या, आधी दोन अँटिबायोटिक्स गेलीत, जंतू दबलेला असेल, बाटली पाच दिवस ठेवतात, थांबू या. चौथ्या दिवशी जंतू वाढला. साल्मोनेला टायफी.

तो रिपोर्ट मी फाइलमध्ये वर लावून ठेवलाय. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एक-एक अक्षर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. सिप्रोफ्लोक्सासिनसमोर आर. ऑफ्लोक्सासिन त्याच घराण्यातलं. म्हणजे पहिले दोन दिवस आम्ही जे चमच्याने भरवलं, त्याने ताप जाणारच नव्हता.

लागू असलेलं औषध शिरेतून जात असूनही ताप पाचव्या दिवशी उतरला. मी रोज विचारायचे, औषध बदलू या का? बाई रोज त्याच शांतपणे सांगायच्या की टायफॉईडमध्ये योग्य औषधालाही चार ते सात दिवस लागतात, पोट मऊ आहे, लघवी होतेय, पोरगं बोलतंय, धीर धरा. त्या धीराबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन.

इथे कुणी डॉक्टर असतील तर दोन शंका आहेत. रिपोर्टमध्ये अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कोट्रायमोक्साझोल या जुन्या औषधांसमोर एस आलंय, ते कसं? आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लागू पडतं तर त्याच जातीचं सेफिक्झिम का नाही पडलं?

घणसोलीकर | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

ताई, वाचून काटा आला. मुलगा बरा आहे हे महत्त्वाचं. आमच्याही फ्रिजच्या दारात हेच सिरप आहे, आत्ता उठून बघितलं.

रोखठोक | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

अनुभव वाचून वाईट वाटलं, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. मूल तापाने फणफणलेलं असताना कल्चरच्या रिपोर्टसाठी तीन-चार दिवस कोण थांबणार? त्यात काही झालं तर जबाबदार कोण? मी दिवा-ठाणे रोज लोकलने जाणारा माणूस आहे, माझ्यासारख्याला चार वेळा रजा टाकून दवाखान्याच्या फेऱ्या जमत नाहीत. मेडिकलवाला औषध देतो म्हणून तर निम्मा ठाणे जिल्हा कामावर जातो.

सोनचाफा | १० ऑगस्ट, सकाळी १०:०५

थांबायचं नसतंच! मलाही आधी तसंच वाटलं होतं. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, ते काढलं की त्याच तासाला औषध सुरू करता येतं. रिपोर्ट मागून येतो आणि चालू औषध बरोबर आहे की बदलायचं ते सांगतो. आमची चूक एवढीच की औषध आधी गेलं आणि रक्त नंतर.

बालवैद्य | १० ऑगस्ट, दुपारी २:४०

मी ठाण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. सोनचाफा, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते मी रोज दहा जणांना सांगतो.

आधी दुसरी शंका. सेफिक्झिम लागू पडलंच नाही असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तोंडाने घेतलेल्या सेफिक्झिमपैकी निम्म्याहून कमीच रक्तात पोहोचतं, त्यामुळे टायफॉईडला ते नेहमीच्या जवळपास दुप्पट मात्रेत आणि जास्त दिवस द्यावं लागतं. घशाच्या किंवा लघवीच्या संसर्गाला देतात त्याच मापाने दिलं तर कमी पडतं. शिवाय पाच दिवस ही टायफॉईडमध्ये मोठी मुदत नाही. कदाचित आणखी दोन दिवसांनी तापही उतरला असता. पण हातात कल्चर नव्हतं, म्हणून जंतू कोणता आणि तो कशाला दबतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अंधारात औषध पुढे रेटणं नवव्या दिवशी धोक्याचं होतं. या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांनी केलं ते योग्यच. (मात्रेबद्दल लिहिलं ते समजण्यापुरतं. इथे वाचून कुणीही मिलिलिटर ठरवू नये.)

आता जुनी औषधं. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ पासून टायफॉईडवर वापरात आलं आणि पंचवीसेक वर्षं त्याने राज्य केलं. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात त्याला दाद न देणाऱ्या टायफॉईडच्या साथी आल्या. १९९० च्या आसपास तर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल तिन्ही एकदम निकामी करणारे जंतू भारतभर पसरले. ही ताकद जंतूच्या मूळ गुणसूत्रात नसून बहुधा प्लास्मिड नावाच्या एका छोट्या कड्यावर असते. एखाद्याने दुसऱ्याला किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसं ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. मग डॉक्टरांनी ती औषधं सोडली आणि सिप्रोफ्लोक्सासिनकडे वळले. गरज उरली नाही तशी कडं बाळगणारी वाण कमी झाली, म्हणून आज तुमच्या रिपोर्टवर त्यांच्यासमोर एस दिसतं. सिप्रो आणि ऑफ्लोक्सासिनची गोष्ट वेगळी. तिथे जंतूने स्वतःचं एक एन्झाइम बदलून घेतलंय, औषध ज्याला चिकटायचं ती जागाच राहिली नाही. हा बदल जंतूच्या अंगातच मुरलाय. आज भारतातल्या टायफॉईडच्या बहुतेक जंतूंवर हे घराणं भरवशाचं नाही.

राहिलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या हैदराबादेत अशी साथ सुरू झाली की जुनी तिन्ही, सिप्रो आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सगळी निकामी. तोंडाने घेण्यासारखं फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिन उरलं. त्या जंतूने ते कडं बहुधा ई. कोलायकडून उचललं होतं. ई. कोलाय म्हणजे तुमच्या-आमच्या आतड्यात राहणारा जंतू. साध्या जुलाबाला उगीच अँटिबायोटिक दिलं की आतड्यात हेच दाद न देणारे ई. कोलाय पोसले जातात, आणि उद्या टायफॉईडचा जंतू आला तर त्याला किल्ल्या द्यायला घरातच कुणीतरी बसलेलं असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारा टायफॉईड मुंबईतही सापडलाय, त्याचा जनुकीय अभ्यासही छापून आलाय. अजून असे रुग्ण थोडे आहेत. ते थोडेच राहावेत याची मला खरोखर काळजी आहे.

जुना_ठाणेकर | १० ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, आपण क्लोरॅम्फेनिकॉलचं नाव काढलंत आणि मला आमचं नौपाड्यातलं घर आठवलं. साल १९६४ असावं. मला मुदतीचा ताप आला होता, मी दहा वर्षांचा. त्या कॅप्सूलचा कडूपणा अजून जिभेवर आहे. माझ्या थोरल्या आत्याला मात्र औषध निघण्याआधी हा ताप आला होता. एकवीस दिवस तिला अंथरुणावर ठेवलं, पेजेच्या पाण्यावर. ती वाचली, तिच्या पाठची बहीण वाचली नाही. आजी तापाची मुदत बोटांवर मोजायची. सात, चौदा, एकवीस. आजच्या आईबापांना ही मोजणी माहीत नाही याचं मला समाधान वाटतं. ती पुन्हा शिकावी लागू नये.

औषधवाला | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

मी फार्मासिस्ट आहे, वागळे इस्टेटजवळ दुकान आहे. या धाग्यावर आमच्या धंद्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी, आणि ती मी खरी मांडणार.

दिवसातून पंधरा-वीस जण रिकामी बाटली किंवा मोबाइलमधला फोटो घेऊन येतात. "मागच्या वेळचंच द्या." सेफिक्झिम अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून त्याची वेगळी वही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. ऑफ्लोक्सासिनची अशी वही नाही, पण चिठ्ठीशिवाय तेही द्यायचं नाही. पाकिटावरची उभी लाल रेघ त्याचसाठी आहे. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि तिथून हसत परत जाताना मला दिसतं. गेल्या दोन वर्षांत मी नाही म्हणायला लागलोय. नुकसान झालं. पण माझी स्वतःची भाची अशाच तापाने कळव्याला पंधरा दिवस अ‍ॅडमिट होती, त्यानंतर मला ते सिरप काउंटरवरून सरकवता येईना.

रोखठोक, तुमची अडचण मला कळते, माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमच्यासारखीच आहेत. पण मेडिकलवाल्याला ताप टायफॉईडचा की डेंग्यूचा हे कळत नाही. मला तरी कळत नाही.

पाऊसवेडी | ११ ऑगस्ट, सकाळी ८:२५

डॉक्टर, जुलाबाचं विचारू का? आम्ही कोपरखैरण्यात. मुलगी तीन वर्षांची, काल रात्रीपासून पातळ पाण्यासारखे सहा-सात जुलाब, दोन उलट्या. ताप नाही. जाऊबाई तेच सिरप दे म्हणतायत.

बालवैद्य | ११ ऑगस्ट, सकाळी ८:४०

देऊ नका. या वयात पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून घोट-घोट, प्रत्येक जुलाबानंतर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. तयार गोड पेयं ओआरएसच्या जागी नकोत, जास्त साखरेने जुलाब वाढतात. झिंक चौदा दिवस पूर्ण द्यायचं, जुलाब थांबले तरी. जेवण बंद करू नका, मऊ भात, केळं, दही चालतं. आज डॉक्टरांना दाखवून घ्याच. आणि शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा मूल गळून पडलं तर लगेच हॉस्पिटल. रक्ताच्या जुलाबात शिगेला हा जंतू असू शकतो. तिथे अँटिबायोटिक लागतं, पण तोही आता बऱ्याच औषधांना दाद देत नाही, म्हणून शक्य असेल तिथे शौचाचं कल्चर.

सेक्टर_पाच | ११ ऑगस्ट, दुपारी १२:१०

सगळे औषधांवर बोलतायत, मी पाण्यावर बोलतो. मी सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. टायफॉईड तोंडावाटेच येतो. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, पाणी शुद्ध होऊन येतं. ते बिघडतं ते बऱ्याचदा आपल्या गेटच्या आत. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच विंगमधली चार मुलं एका महिन्यात आजारी पडली, तेव्हा आम्ही जमिनीखालची टाकी रिकामी केली. ड्रेनेजचं चेंबर टाकीपासून जेमतेम चार फुटांवर, मधल्या भिंतीला तडा. पावसात चेंबर तुंबलं की काय होत असेल ते मी लिहीत नाही.

तेव्हापासून मी दर सोमवारी तळमजल्याच्या, मधल्या आणि वरच्या मजल्याच्या नळाचं पाणी ओटी टेस्टने बघतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे त्यात क्लोरिन शिल्लक आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी असावं असं भारतीय मानक सांगतं. रंग आलाच नाही तर त्याच दिवशी प्लंबर बोलावतो. किट स्वस्त आहे, वेळ दहा मिनिटं लागतो. आपापल्या सेक्रेटरीला हे विचारा, टाळाटाळ झाली तर सभेत विचारा.

घणसोलीकर | ११ ऑगस्ट, रात्री ९:००

लसीबद्दल कुणीच लिहिलं नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉईडची लस फुकट दिली होती. सरकारी यंत्रणेने ही नवी कॉन्जुगेट लस मोहीम काढून देण्याची देशातली ती पहिलीच वेळ. पहिल्या टप्प्यात निम्म्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक लाख तेरा हजारांवर मुलांना दिली गेली. आमची थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, तिला मिळाली. धाकटा नंतरचा, त्याचं राहूनच गेलं. जंतू औषधाला दाद देत नसेल तर लस तरी चालते का?

बालवैद्य | ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

चालते, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. लस शरीराला जंतूच्या बाहेरच्या आवरणाची ओळख करून देते. जंतूकडे औषधं निकामी करायची युक्ती असो-नसो, आवरण तेच राहतं. पाकिस्तानने २०१९ मध्ये सिंधपासूनच ही लस राष्ट्रीय लसीकरणात आणली ती याचसाठी. खासगी दवाखान्यात सहा महिन्यांनंतर केव्हाही मिळते, धाकट्याला देऊन टाका. शंभर टक्के संरक्षण नाही, पॅराटायफॉईड या टायफॉईडच्या भावंडावर तर नाहीच, म्हणून पाण्याची काळजी सोडायची नाही. सेक्रेटरीसाहेब, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक सोसायटीला मिळो.

कोलशेत_रोड | १२ ऑगस्ट, सकाळी ११:४५

माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहणारा जंतू, निघालाय. दोन आठवड्यांचा कोर्स झाला, पोटदुखी तशीच. हाही त्यातलाच प्रकार का?

बालवैद्य | १२ ऑगस्ट, दुपारी ३:२०

असू शकतो. त्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर विशेष, कारण त्याला दाद न देणारा एच. पायलोरी आपल्याकडे पुष्कळ आढळतो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून शौचाची अँटिजेन किंवा श्वासाची चाचणी करा, जंतू खरंच शिल्लक आहे का ते कळेल. तोच कोर्स पुन्हा देऊ नये. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. पोटदुखीचं कारण वेगळंच असण्याचीही शक्यता आहे.

रोखठोक | १४ ऑगस्ट, रात्री ११:०५

माझ्यावरच वेळ आली. मुलगी नऊ वर्षांची, कालपासून १०२-१०३. डोकं दुखतंय, अंग दुखतंय, पोटही. आज बायको म्हणाली, मेडिकलमधून काहीतरी आण. मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. उद्या झेंडावंदनाची सुट्टी, लॅब उघड्या असतात का?

सोनचाफा | १४ ऑगस्ट, रात्री ११:२०

दादा, हॉस्पिटलची लॅब चोवीस तास चालू असते, उद्याची वाटही बघू नका. पॅरासिटामॉलशिवाय आज काही देऊ नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की अजून एकही अँटिबायोटिक दिलेलं नाही. आणि रक्त आधी.

रोखठोक | १८ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

उशिरा लिहितोय, माफ करा. ठाण्यातच अ‍ॅडमिट होती. त्याच रात्री कल्चरसाठी रक्त दिलं आणि बरोबर डेंग्यूचंही. विडाल १:१६० आली, नातेवाईक म्हणायला लागले टायफॉईडच आहे, औषध का देत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की जुन्या संसर्गाने किंवा भलत्याच तापातही विडाल अशी येऊ शकते. डेंग्यूची एनएस-१ पॉझिटिव्ह निघाली. कल्चर पाच दिवस बघणार आहेत, अजून वाढ नाही. अँटिबायोटिकचा एक थेंबही दिला नाही, फक्त पाणी, सलाईन आणि पॅरासिटामॉल. प्लेटलेट्स ६२ हजारांवर आल्या होत्या, आज ९० हजार. ताप काल सकाळपासून नाही.

आत्ता नारळपाणी पितेय, आणि शाळेत झेंडावंदनाला जाता आलं नाही म्हणून रुसलीय.